सहा आठवड्यांत अकरा सेकंद: एकहाती अ‍ॅनिमेशन फिल्मचं गणित

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी उत्तर कशाचं देतेय ते आपल्या दोघींनाही स्पष्ट राहील. तुम्ही सहा वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं आणि मुखपृष्ठं करता. ससून डॉकवरून पहाटे मासळी उचलून लोकलच्या मालडब्यातून उपनगरात विकायला जाणारी एक कोळीण तुम्ही एका पुस्तकासाठी काढली होती. आता तिच्यावर तीन मिनिटांची, संवाद नसलेली फिल्म एकटीनेच करायची आहे, आयपॅडवर आणि जलरंगाच्या पोतात. क्लायंटची कामं सांभाळून आठवड्याला चौदाएक तास मिळतात. सहा आठवडे झाले आणि हातात अकरा सेकंद आहेत. तुमचे प्रश्न तीन: सॉफ्टवेअर बदलू का, पुस्तकातलं पात्र फिल्ममध्ये वापरलेलं चालेल का, आणि ‘सध्या काय चालू आहे?’ असं विचारणाऱ्यांना किती दाखवू, म्हणजे पुढे फेस्टिव्हलला अडचण येणार नाही.

सॉफ्टवेअरचं उत्तर लवकर संपतं, म्हणून ते मागे ठेवते. आधी गणित बघू. सेकंदाला २४ फ्रेम आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे ज्याला आपण टूजवर काम म्हणतो, असं धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. अकरा सेकंद म्हणजे १३२ चित्रं. सहा आठवड्यांचे ८४ तास त्यात घातले तर एका चित्राला ३८ मिनिटं पडली. हा वेग मुळीच वाईट नाही. पुस्तकाचं पान करणाऱ्या हाताने ३८ मिनिटांत पोतासकट पूर्ण आकृती उतरवणं म्हणजे चांगलाच वेग. पण याच वेगाने १८० सेकंद करायचे तर २१६० चित्रं, म्हणजे जवळपास १३७० तास, म्हणजे ९८ आठवडे. दोन वर्षं. आणि दोन वर्षांत तुमची रेषा इतकी बदललेली असेल की पहिला शॉट शेवटच्या शॉटशेजारी लावताना लाज वाटेल.

खरी अडचण अशी आहे की तुम्ही प्रत्येक फ्रेम पानासारखी रंगवताय. पुस्तकात वाचक एका पानावर दहा-वीस सेकंद रेंगाळतो, मागे येतो, कोपऱ्यातलं मांजर शोधतो. फिल्ममध्ये तेच चित्र सेकंदाचा बारावा भाग दिसून जातं. तिथे डोळा तपशील वाचत नाही, हालचाल वाचतो. त्यामुळे मेहनत कुठे खर्चायची हे फ्रेमसमोर बसून ठरवता येत नाही. ते आधी, सगळी फिल्म एकदम डोळ्यांसमोर ठेवून ठरवावं लागतं. तुमच्या प्रश्नात अ‍ॅनिमॅटिकचा, म्हणजे कच्च्या चौकटी खऱ्या लांबीने आवाजासकट जोडून केलेल्या फिल्मच्या आराखड्याचा, उल्लेख कुठेच नाही, आणि माझी शंका तिथेच आहे.

तर अकरा सेकंद बाजूला ठेवा (टाकू नका) आणि तीन आठवडे फक्त अ‍ॅनिमॅटिक करा. स्टोरीबोर्डसाठी, म्हणजे शॉटवार कच्च्या चित्रांसाठी, सहा सेंटिमीटर रुंद चौकटी पुरतात. मोठ्या चौकटीत हात आपोआप सजवायला लागतो. चिकटचिठ्ठ्यांवर काढून भिंतीवर लावल्या तर शॉटची अदलाबदल सोपी जाते. मग मोबाइलने फोटो काढा, एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाका आणि प्रत्येक शॉटला खरी लांबी द्या. कच्चा आवाज त्याच वेळी घाला: डॉकवरचा गलका, गाडीची धडधड. आवाजाशिवाय अ‍ॅनिमॅटिक बघितला की सगळेच शॉट लांब वाटतात आणि आपण चुकीचे शॉट कापतो. तयार झाला की तीन माणसांना दाखवा. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर मिळेल. ‘काय काय झालं ते सांग’ असं म्हणा. तिघांपैकी दोघांना गोष्टीतली एखादी घटना सांगता आली नाही, तर ती घटना पडद्यावर आलेलीच नाही. तिथे सुंदर अ‍ॅनिमेशन घालूनही ती येणार नाही.

या टप्प्यावर फिल्म बहुधा आखूड होते. व्हायलाच हवी. तुम्ही सांगितलेल्या गोष्टीला (डॉक, बर्फ, टॅक्सी, मालडबा, दारोदार विक्री, परत) १३० सेकंद पुरतील असं मला वाटतं, वर नाव आणि श्रेयनामावलीचे १५. आता हे १३० सेकंद २२ शॉटमध्ये वाटू आणि शॉटचे तीन वर्ग पाडू.

पहिल्या वर्गात जिथे अभिनय आहे असे सहाच शॉट ठेवा, एकूण ३० सेकंद. लिलावात ती बोट वर करते ते, पाटी डोक्यावर घेते ते, गिऱ्हाइकाशी घासाघीस. इथे टूजवर पूर्ण अ‍ॅनिमेशन, म्हणजे ३६० चित्रं. दुसऱ्या वर्गात नऊ शॉट, ५५ सेकंद. यात एक सायकल, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी तीच चित्रं, आणि तिच्यावर एखाद-दुसरी वेगळी हालचाल, शॉटला सरासरी २० चित्रं धरा, म्हणजे १८०. तिसऱ्या वर्गात सात शॉट, ४५ सेकंद. यात रंगवलेलं स्थिर चित्र, त्यावर सावकाश सरकणारा कॅमेरा आणि एकच छोटी गोष्ट हलणारी: पदराचं टोक, कावळ्याची मान, बर्फाचं पाणी. शॉटला सहा चित्रं, म्हणजे ४२. सगळी मिळून ५८२ चित्रं झाली. सगळेच १३० सेकंद टूजवर केले असते तर १५६० लागली असती.

प्रेक्षकाला यातली काटकसर जाणवत नाही, कारण स्थिर शॉट येतो तो अभिनयाच्या शॉटनंतर, श्वास घ्यायला. तुमच्यासारख्या चित्रकर्तीसाठी तर तिसऱ्या वर्गातले शॉट म्हणजे घरचं मैदान. पानावर जी ताकद दाखवता ती तिथे पंचेचाळीस सेकंद मनसोक्त दाखवा. हालचालीला हातपाय असलेलं पात्रच लागतं असंही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये नुसत्या आगपेटीच्या काड्या हलवल्या होत्या.

आता वेळ. रफ (कच्चं रेखाटन) ८ मिनिटं, क्लीनअप (पक्की रेषा) १० आणि रंग ७, असं २५ मिनिटांवर चित्र आणता आलं तर ५८२ चित्रांना साधारण २४२ तास. पार्श्वभूमी २२ शॉटना १४च लागतील, कारण डॉक आणि डबा पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येकी पाच तास धरून ७०. कम्पोझिटिंग, म्हणजे सगळे थर एकत्र जोडणं, शॉटला अडीच तास, म्हणजे ५५. एडिट आणि आवाज ४०, कथा ते अ‍ॅनिमॅटिक ५०. बेरीज ४५७. यावर चुका आणि फेरकामासाठी पाव भाग वाढवा, म्हणजे ५७१ तास. आठवड्याला चौदा तासांनी ४१ आठवडे. यात गणपती, दिवाळी आणि क्लायंटचे ‘उद्या सकाळपर्यंत द्या’ धरलेले नाहीत, तेव्हा वर्ष म्हणा. पाव भागाची वाढ कापू नका. ती राखीव नाही, ती हमखास खर्च होते.

हे आकडे तुमचे नाहीत, हे मात्र मान्य करते. २५ मिनिटं हा अंदाज पात्र किती सोपं होतं यावर अवलंबून आहे. म्हणून अ‍ॅनिमॅटिक झाल्यावर दुसऱ्या वर्गातला एक शॉट निवडा आणि तो शेवटपर्यंत न्या, रंग, पोत, कम्पोझिटिंग, आवाजासकट. घड्याळ लावून. त्यातून निघालेली मिनिटं वरच्या गणितात घाला. चित्राला ३५ मिनिटं लागत असतील तर पहिल्या वर्गातले दोन शॉट दुसऱ्यात ढकला. रात्री जागून भरपाई करण्याचा बेत तिसऱ्या आठवड्यात कोसळतो.

३८ची २५ मिनिटं होतात कशी? निम्मं काम पात्राच्या आराखड्यात आहे. पुस्तकातल्या तुमच्या कोळणीच्या अंगावर फुलांची चोळी, चौकटीची नऊवारी, हातात आठ बांगड्या, गळ्यात तीन सर, केसांत अबोली. पानावर झकास. पण एक बांगडी म्हणजे ती शेकडो वेळा काढायची बांगडी. लुगडं सपाट रंगाचं करा आणि फक्त काठ ठेवा. वळणाऱ्या कापडावर चौकटी काढल्या की त्या प्रत्येक फ्रेमला वेगळ्या दिशेने पळतात आणि अंगावर मुंग्या चालल्यासारखं दिसतं. बांगड्यांचा एकच जाड हिरवा पट्टा, दागिन्यांपैकी नथ, केसांत गजरा. एवढ्यावर ती ओळखू येते. कोळी पद्धतीचं घट्ट, गुडघ्यापर्यंतचं नेसण तुमच्या पथ्यावर पडेल, कारण पोटऱ्या उघड्या असल्याने चाल स्वच्छ दिसते. समोरून, पाऊण बाजूने, कडेने आणि मागून अशी चार उभी चित्रं एका कागदावर काढून समोर लावून ठेवा, पाटीसकट आणि पाटीशिवाय. आठ महिन्यांत चेहरा गुपचूप बदलतो, तो त्याशिवाय कळत नाही. ब्रशची जाडीही ठरवून टाका: १०८० उंचीच्या फ्रेममध्ये जवळच्या शॉटला ६ पिक्सेल, लांबच्याला ४.

उरलेलं निम्मं पोतात आहे. प्रत्येक चित्रात जलरंग नव्याने लावू नका. ३०० जीएसएम कागदावर एकाच छटेचे तीन वॉश (पातळ रंगाचे हात) वेगवेगळे द्या, वाळले की स्कॅन करा, आणि पात्राच्या सपाट रंगावर क्लिपिंग करून (पात्राच्या आकारापुरताच दिसेल असा) मल्टिप्लायमध्ये (खालचा रंग गडद करणाऱ्या मोडमध्ये) टाका. तीन वॉश आळीपाळीने, प्रत्येकी चार फ्रेम. अर्ध्या सेकंदाचं आवर्तन झालं. हे दोन-दोन फ्रेमवर ठेवलं तर पोत उकळल्यासारखा दिसतो आणि दोन मिनिटांत डोळे दुखतात. शांत प्रसंगात सहा-सहा फ्रेमवर न्या. इथे हमखास होणारी चूक अशी: पोत पडद्याला चिकटलेला राहतो आणि पात्र त्याच्यामागून चालत जातं, जणू ती खरखरीत काचेपलीकडे आहे. पोताचा थर पात्राच्या थराला जोडा, म्हणजे ती सरकली की तोही सरकेल. पावसाळ्यात वॉश करणार असाल तर मुंबईच्या दमट हवेत कागद सहज वाळत नाही आणि कडा वर येतात. रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून मगच स्कॅनरवर ठेवा, नाहीतर एका कडेला राखाडी सावली येते. ३०० डीपीआयवर आडव्या ए-४ची रुंदी ३५०८ पिक्सेल मिळते, म्हणजे १९२०च्या फ्रेममध्ये सरकवायला बरीच जागा.

तुम्ही पाठवलेल्या अकरा सेकंदांत चालण्याचा जो शॉट आहे, त्यावर जरा थांबते, कारण तो फिल्मभर पुन्हा वापरायचा आहे. तिच्या डोक्यावर भरलेली पाटी आहे आणि प्रत्येक पावलाला पाटी वर-खाली उडतेय. नेहमीच्या वॉक सायकलमध्ये डोकं तसं उडतंच, पण डोक्यावर ओझं असलेल्या बाईचं नाही. तिची मान आणि चुंबळ जवळजवळ एका पातळीत राहतात. सगळा हिशोब कंबर आणि गुडघे करतात. पाटी उडाली की ती रिकामी दिसते. तेव्हा डोकं, चुंबळ, पाटी आणि ती धरणारा हात हा एक थर करा आणि त्याला फक्त दोन-तीन पिक्सेलची उतार-चढ द्या. कंबर दहा-बारा पिक्सेल खाली जाऊ द्या आणि बाजूलाही झुकू द्या.

वजनाची चाल संथ असते. साध्या चालीत एक पाऊल १२ फ्रेममध्ये होतं, इथे १६ घ्या. टूजवर एका पावलाला ८ चित्रं. दुसऱ्या पावलाला नवी चित्रं नकोत. दोन्ही पाय त्याच आकाराचे आहेत, तेव्हा तीच आठ चित्रं घेऊन जवळच्या आणि लांबच्या पायाची छटा बदला. वरचा थर वेगळा असल्याने धरलेला हात मधेच बदलत नाही. मोकळा हात मात्र पूर्ण सायकलभर स्वतंत्र काढावा लागतो. तो पुस्तकासारखा नुसता लोंबता ठेवला तर ती घसरगुंडीवरून चालल्यासारखी वाटते.

आता पाय घसरतो तो का. तुमच्या शॉटमध्ये टेकलेलं पाऊल दर चित्राला २० पिक्सेल मागे जातं, म्हणजे दर दोन फ्रेमना २०. पार्श्वभूमी मात्र दर फ्रेमला १० ने सरकतेय. बेरीज सारखी, तरी पाऊल थरथरतं, कारण दर दुसऱ्या फ्रेमला जमीन हलते आणि पाऊल थांबलेलं असतं. यावर उपाय दोन. संथ शॉटमध्ये पार्श्वभूमीही टूजवर, २० च्या उडीने सरकवा. वेगवान शॉटमध्ये पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकू द्या, पण मग पायांची चित्रं वनजवर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र अशी, काढा किंवा पाय चौकटीबाहेर ठेवा. बहुतेक वेळा मी पाय चौकटीबाहेर ठेवते. कमरेपासून वरचा शॉट, मागे भिंत सरकतेय, आणि चाल कंबरेच्या झुकण्यातून कळतेय. आठ चित्रं वाचली आणि अभिनय जवळ आला.

मालडब्यातल्या हँडलच्या रांगेलाही सायकल पुरते. एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात स्थिती काढा, मग तीच चित्रं सहा ते दोन अशी उलटी. बारा चित्रांचं आवर्तन, टूजवर बरोबर एक सेकंद. पाव मीटर लांबीचा लंबक खरोखरच सेकंदभरात फेरी मारतो, त्यामुळे डोळ्याला ते पटतं. टोकांजवळच्या स्थिती दाटीवाटीने आणि मधल्या दूर दूर. समान अंतर ठेवलं तर हँडल यंत्राच्या काट्यासारखं फिरतं. शेजारच्या हँडलला तेच आवर्तन एका चित्राने मागे ठेवून लावा. सगळी एकदम हलली की कवायत दिसते, फार मागे-पुढे केली की गाडी रुळावरून उतरल्यासारखी.

शॉट कोणत्या क्रमाने करायचे? पहिल्यापासून सुरू करू नका. मधले, दुसऱ्या वर्गातले आधी. हात बसला की अभिनयाचे. पहिला आणि शेवटचा शॉट काम साठ-सत्तर टक्के झाल्यावर. तुमचे ते अकरा सेकंद फिल्मची सुरुवात आहेत ना? बहुधा ते शेवटी पुन्हा काढावेसे वाटतील. वाढवलेला पाव भाग त्यासाठीही आहे.

आता सॉफ्टवेअर. प्रोक्रिएटच्या अ‍ॅनिमेशन असिस्टमध्ये एक लेयर किंवा लेयरचा एक गट म्हणजे एक फ्रेम, आणि लेयर किती मिळणार हे कॅनव्हासचा आकार आणि आयपॅडची मेमरी यावर ठरतं. छोट्या लूपना ते उत्तम. पण पात्र, पाटी, पोत, सावली असे थर असलेल्या पाच सेकंदांच्या शॉटला ते अपुरं पडतं, आणि तुम्ही दोन सेकंदांचे तुकडे का पाडताय याचं कारणही तेच दिसतं. लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट असेल तर क्रिता घ्या, फुकट आहे आणि ब्रश चित्रकाराच्या हाताला मानवतात. फक्त एका फाइलमध्ये एकच शॉट ठेवा, मोठ्या फाइलला ते मेमरी खातं. सपाट रंग भरण्याचं काम फार असेल तर ओपनटून्झ जास्त उपयोगी, कारण पॅलेटमधला रंग बदलला की सगळ्या चित्रांत बदलतो. २०१६ पासून तेही मोफत आहे. आयपॅडशिवाय काही नसेल तर प्रोक्रिएटमध्येच राहा आणि थर वेगवेगळ्या फाइलमध्ये करून बाहेर जोडा. काहीही निवडा, पण पहिला पूर्ण शॉट झाल्यानंतर बदलू नका.

बाहेर काढताना थेट एमपी-४ काढू नका. पारदर्शक पीएनजी फ्रेमची मालिका काढा, नावात शॉट क्रमांक, थर आणि चार आकडी फ्रेम क्रमांक. एक फ्रेम बिघडली तर एकच बदलावी लागते. जोडणी आणि एडिट डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत होतं. पहिल्या दिवसापासून २४ फ्रेमच ठेवा. मोबाइलवरचे संदर्भ व्हिडिओ बहुधा ३०चे असतात, त्यांच्यावरून मोजणी करताना फसगत होते. ४केच्या मागे लागू नका, एकटीच्या कामाला १९२० बाय १०८० पुरे. थिएटरमध्ये दाखवायच्या डिजिटल प्रतीची, म्हणजे डीसीपीची, फ्लॅट चौकट १९९८ बाय १०८० असते, तुमच्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेल काळे राहतील, कुणाच्या लक्षात येत नाही. कामाच्या तीन प्रती: एक चालू, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी.

आवाजाकडे चित्रकार मंडळी शेवटच्या आठवड्यात वळतात. संवाद नसलेल्या फिल्ममध्ये निम्मी फिल्म आवाजात असते. डॉकवर रेकॉर्डिंग करायचं तर तारखा बघा: महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या काळात खरी गजबज मिळणार नाही. मे संपायच्या आत जा किंवा नारळी पौर्णिमेनंतर. आत काहीही टिपण्याआधी परवानगी विचारा, आणि लिलाव चालू असताना कुणाच्या वाटेत उभं राहू नका. ४८ किलोहर्ट्‍झ, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये घ्या, माइकवर लोकरीच्या कापडाचा तुकडा बांधा. प्रत्येक जागेचा नुसता एक मिनिट ‘रिकामा’ आवाज वेगळा घ्या. दोन तुकडे जोडताना त्याच्याशिवाय जोड ऐकू येतो.

बाकी घरी. परळला रेल्वेजवळ राहत असाल तर शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांच्यामधला, म्हणजे रात्री दीड ते साडेतीनचा वेळ खरा. चारनंतर गाड्या, मग कावळे. पंखा आणि फ्रिज बंद, कपाटाचं दार उघडं, समोर गोधडी. ओला टॉवेल फरशीवर आपटला की सुरमई पडते. बर्फ फोडून स्टीलच्या बादलीत ओतला की डॉक उभा राहतो. पाटीचा करकर आवाज खऱ्या वेताच्या टोपलीचाच घ्या, त्याला पर्याय चांगला लागत नाही.

संगीतात एक धोका आहे. ‘कोळीगीत आहे, लोकगीत आहे, कुणाचंही नाही’ असं समजून एखादं गाणं घेऊ नका. ‘मी डोलकर’ सगळीकडे लोकगीतासारखं गायलं जातं, पण शब्द शांता शेळके यांचे आणि संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचं. खरोखर पारंपरिक चाल असली तरी तिच्या एखाद्या रेकॉर्डिंगवर वेगळा हक्क असतो, आणि आपल्या कायद्यात तो प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. एखाद्या कोळीवाड्यातल्या बाईंकडून गाऊन घ्या, मोबदला द्या आणि परवानगी लेखी घ्या.

तोच नियम तुमच्या पात्राला. पुस्तकातलं चित्र तुमचं असलं तरी गोष्ट लेखकाची आहे, आणि पात्राचं वर्णन गोष्टीत असेल तर पात्रातही त्यांचा वाटा येतो. चित्रांवरचा हक्क कुणाचा हे तुमच्या करारावर आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी असावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण सांगून, पैसे देऊन करवून घेतलेल्या काही प्रकारच्या कलाकृतींत उलट करार नसेल तर पहिला मालक काम देणाराच ठरतो. तेव्हा करार शोधा, आणि नुसती ईमेलवर ठरलेली बाब असेल तर ती ईमेलही. मग प्रकाशक आणि लेखक दोघांना छोटं पत्र पाठवा: फिल्मचं नाव, लांबी, कुठे दाखवणार, पुस्तकाचं नाव श्रेयनामावलीत कसं येईल, आणि खाली ‘हरकत नाही’ म्हणून सहीची जागा. हे अ‍ॅनिमॅटिकच्याही आधी. फेस्टिव्हलच्या अर्जात सर्व हक्क तुमच्याकडे आहेत असं लिहून द्यावं लागतं, तेव्हा धावपळ नको. करारात ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क’ असे शब्द दिसले तर मात्र वकिलाला दाखवा, माझ्या उत्तरावर विसंबू नका.

दाखवायचं किती? संपूर्ण फिल्म इंटरनेटवर उघडी टाकली की काही फेस्टिव्हल ती घेत नाहीत, काही घेतात. नियम प्रत्येकाचे वेगळे आणि दर आवृत्तीत बदलणारे. तुकडे, रफ, पार्श्वभूमी दाखवायला सहसा कुणाची हरकत नसते. मी दहा सेकंदांपेक्षा लांब सलग तुकडा टाकत नाही आणि शेवटचा शॉट कधीच नाही. ‘लवकरच येत आहे’ असं लिहू नका. वर्षभर लवकर येत राहणाऱ्या फिल्मची चेष्टा होते. त्याऐवजी झालेलं काम सांगा: ‘२२पैकी नववा शॉट पूर्ण’ आणि खाली रफ व पक्क्या चित्राची जोडी. आठवड्याला एक पुरे, आणि तीही कामातून आपोआप निघालेली. पोस्टसाठी वेगळं चित्र काढायला लागलात की चौदातले दोन तास गेले. क्लायंटचं काम मात्र त्यांनी प्रसिद्ध केल्याशिवाय टाकू नका, कोपऱ्यातसुद्धा दिसू देऊ नका.

तुमच्या वेबसाइटवर ‘ताज्या घडामोडी’त पंधरा नोंदी आहेत आणि कशाखालीही साल नाही. प्रत्येक कामाला साल, माध्यम, तुमची भूमिका, लांबी किंवा पानं, आणि एक चित्र एवढं द्या. निवड करणारा माणूस तेच शोधतो. फिल्मच्या पानासाठी आत्तापासून जमवा: तीन स्थिर चित्रं पूर्ण आकारात, पंचवीस शब्दांचा आणि साठ शब्दांचा असे दोन सारांश, दोन्ही मराठी आणि इंग्रजीत. संवाद नसले तरी स्टेशनची पाटी, दुकानाचं नाव पडद्यावर येणार, तेव्हा अक्षरांचा थर वेगळा ठेवा.

फेस्टिव्हलमध्ये घराजवळचं म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, मिफ. माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठी १९९० पासून, दर दोन वर्षांनी. बाहेरचं सर्वांत जुनं आणि मोठं नाव फ्रान्समधलं अ‍ॅन्सी, १९६० पासून, जूनमध्ये. दोन्हीकडे फिल्म कोणत्या तारखेनंतर पूर्ण झालेली हवी हे नियमात असतं. म्हणून पूर्णतेची तारीख घाईने जाहीर करू नका. डिसेंबरमध्ये संपत आली आणि आवाजाचं मिक्सिंग उरलं असेल, तर जानेवारीत पूर्ण केलेली फिल्म कागदोपत्री वर्षभर ताजी राहते. पाठवण्यासाठी एच.२६४ (दाबून लहान केलेला व्हिडिओ), सेकंदाला १५ मेगाबिट, म्हणजे १४५ सेकंदांची फाइल पावणेतीनशे एमबीच्या आसपास. मूळ प्रत प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये (दर्जा राखणारा, मोठ्या फाइलचा प्रकार), साधारण सव्वातीन जीबी. लिंकला पासवर्ड ठेवा आणि निकाल लागेपर्यंत तो बदलू नका. पासवर्ड बदलल्यामुळे न बघितल्या गेलेल्या फिल्मना नकाराचं तेच साचेबद्ध पत्र येतं.